एपवर्थच्या पाळकगृहातील माता : सुझॅना वेस्ली



घरातली सर्व माणसे निजली आहेत, उद्याच्या डब्याची तयारी झाली आहे, तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावरची ओली घडी बदलून झाली आहे, आणि आता बायबल उघडावे तर डोळे आपोआप मिटू लागतात. अशी रात्र तुमच्यापैकी पुष्कळ मातांच्या परिचयाची असेल. त्या वेळी मनाला एक टोचणीही लागते. आपली प्रार्थना कमी पडते म्हणून आपले बळ कमी पडते की काय, असे वाटू लागते. जिला ही टोचणी लागली असेल, तिच्यासमोर आज एका स्त्रीचे चरित्र ठेवावयाचे आहे. मातांविषयीच्या उपदेशांत तिचे नाव तुम्ही अनेकदा ऐकले असेल, परंतु तिच्या थकव्याविषयी मात्र क्वचितच काही ऐकले असेल. ही स्त्री म्हणजे जॉन व चार्ल्स वेस्ली यांची आई, सुझॅना वेस्ली.

सुझॅनाबाईंचा जन्म २० जानेवारी १६६९ रोजी लंडन शहरात झाला. त्यांचे वडील डॉ. सॅम्युएल ॲनेस्ली हे विद्वान व धर्मनिष्ठ उपदेशक होते. १६६२ साली इंग्लंडमध्ये राज्याने ठरवून दिलेली उपासनापद्धती मान्य न करणाऱ्या सुमारे दोन हजार पाळकांना आपली पदे सोडावी लागली, त्यांत तेही होते. सुझॅना ही त्यांच्या पंचवीस अपत्यांपैकी सर्वांत धाकटी. घरात ग्रंथ होते, वादविवाद होते आणि मुलींनीही विचार करावा असे वातावरण होते. म्हणूनच वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास या मुलीने दोन्ही पक्षांचे म्हणणे तोलून पाहिले आणि वडिलांचा पंथ सोडून चर्च ऑफ इंग्लंडमध्ये जाण्याचा निर्णय घेतला. वडिलांनी तिला अडविले नाही. स्वतःच्या विवेकाला साक्षी ठेवून वागण्याची ही सवय पुढे त्यांना जन्मभर उपयोगी पडली आणि काही वेळा महागही पडली.

१६८८ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांचा विवाह सॅम्युएल वेस्ली या तरुणाशी झाला. सॅम्युएल बुद्धिमान, कवी, कामसू, पण तापट आणि पैशाच्या बाबतीत अगदीच अव्यवहारी. प्रथम साउथ ऑर्म्सबी व नंतर लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी त्यांची पाळक म्हणून नेमणूक झाली. एपवर्थ हा दलदलीने वेढलेला, एकाकी प्रदेश होता. तेथील लोक बाहेरच्या माणसाकडे संशयाने पाहत, आणि पाळकसाहेबांच्या कडक शिस्तीचे व राजकीय मतांचे त्यांना मुळीच प्रेम नव्हते.

१६९० ते १७०९ या काळात, म्हणजे सुमारे एकोणीस वर्षांत, सुझॅनाबाईंना एकोणीस अपत्ये झाली. वाचक भगिनींनो, हा आकडा घाईने वाचून पुढे जाऊ नका. याचा अर्थ असा की ऐन उमेदीच्या वर्षांत त्यांच्या देहाला विसावा असा मिळालाच नाही. या एकोणीसांपैकी नऊ मुले तान्हेपणीच दगावली. सात मुली व तीन मुलगे एवढीच मोठी झाली. मॉली नावाची मुलगी तर लहानपणी झालेल्या अपघातामुळे जन्मभर अपंग राहिली. स्वतः सुझॅनाबाई वारंवार आजारी पडत आणि कित्येकदा अंथरुणाला खिळून राहत. शिवाय पतीच्या डोक्यावर कर्ज असे ते कायमचेच.

पतिपत्नींचे एकमेकांवर प्रेम होते, पण मते जुळत नसत. इंग्लंडच्या गादीचा खरा वारस कोण, या प्रश्नावर १७०१-०२ च्या सुमारास घरात मोठाच प्रसंग उद्भवला. कौटुंबिक उपासनेत पतीने राजा विल्यम याच्यासाठी प्रार्थना केली तेव्हा पत्नीने आमेन म्हटले नाही. विल्यम हा हक्काचा राजा आहे असे त्यांच्या विवेकाला पटत नव्हते. सॅम्युएल संतापून घर सोडून लंडनला गेले, आणि लहान मुलांचा सगळा भार एकट्या आईवर पडला. पुढे १७०२ साली घराला आग लागून त्याचा बराच भाग जळाला. दोघांचा समेट झाला, आणि १७ जून १७०३ रोजी जॉनचा जन्म झाला. ज्याच्या उपदेशाने पुढे सारा इंग्लंड देश हालवून सोडला, तो मुलगा अशा मोडून पुन्हा सांधलेल्या घरात जन्माला आला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१७०५ हे वर्ष तर फारच कठीण गेले. त्या वर्षीच्या निवडणुकीत सॅम्युएल यांनी गावकऱ्यांना नापसंत असलेल्या पक्षाची बाजू घेतली. मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री जमावाने पाळकगृहाबाहेर ढोल बडविले, आरोळ्या ठोकल्या, पिस्तुले झाडली. सुझॅनाबाई नुकत्याच बाळंत झाल्या होत्या. त्यांचे तान्हे मूल सांभाळण्यासाठी जवळच्या एका दाईकडे दिले होते. रात्रभर गोंगाटाने जागलेली ती दाई पहाटे गाढ झोपी गेली आणि झोपेत बाळ तिच्या अंगाखाली सापडून गुदमरले. सकाळी ते मृत बालक आईच्या हाती आणून देण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच तीस पौंडांहूनही कमी कर्जापायी सॅम्युएल यांना लिंकनच्या तुरुंगात टाकण्यात आले. तेवढ्यावर द्वेष थांबला नाही. ज्या गाईंच्या दुधावर मुलाबाळांचे पोट चालत असे, त्यांना कोणीतरी रात्री भोसकले. विकण्यासारखे घरात काही उरले नव्हते, म्हणून या पत्नीने बोटांतील अंगठ्या काढून तुरुंगात पतीकडे पाठविल्या. त्यांनी त्या परत केल्या.

यॉर्कचे आर्चबिशप शार्प हे या कुटुंबाचे हितचिंतक होते. घरात कधी भाकरीची वाण पडली होती का, असे त्यांनी सुझॅनाबाईंना विचारले. त्यांनी दिलेले उत्तर मोठे प्रामाणिक आहे. भाकरी अगदीच नव्हती असे कधी झाले नाही. पण ती मिळविण्यासाठी आधी इतके कष्ट पडत आणि खाल्ल्यानंतर तिचे पैसे चुकविण्याची इतकी चिंता असे, की तिची गोडीच नाहीशी होई, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. सात्त्विकतेचा आव आणून त्यांनी आपले दैन्य झाकले नाही. भगिनींनो, विश्वासू स्त्रीने आपण दमलो आहोत असे म्हणू नये, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. सुझॅनाबाईंनी ती मुळीच मानली नाही.

यानंतर १७०९ च्या फेब्रुवारीतील ती प्रसिद्ध आग. मध्यरात्री पाळकगृहाने पेट घेतला. सुझॅनाबाई शेवटच्या वेळी गरोदर होत्या आणि आजारी होत्या. खिडकीतून चढून बाहेर पडणे त्यांना शक्य नव्हते. दाराकडे जाण्याचा त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा ज्वाळांनी त्यांना मागे लोटले. तेव्हा प्रभूचा धावा करून त्या तशाच आगीतून चालत बाहेर आल्या. हात व चेहरा होरपळला, पण जीव वाचला. पाच वर्षांचा जॉन मात्र माडीवरच राहिला होता. एका शेजाऱ्याच्या खांद्यावर दुसऱ्याने उभे राहून त्याला खिडकीतून ओढून काढले, आणि क्षणभरात छप्पर कोसळले. घरातील आठही मुले सुखरूप आहेत हे पाहून सॅम्युएल यांनी शेजाऱ्यांना गुडघे टेकून देवाचे उपकार मानावयास सांगितले. पुस्तके, कागदपत्रे, कपडे, भांडीकुंडी सर्व काही जळून गेले. सुझॅनाबाईंच्या स्वतःच्या लिखाणाचीही राख झाली. घर पुन्हा बांधून होईपर्यंत मुलांना निरनिराळ्या घरी ठेवावे लागले.

आता या मातेच्या दिनक्रमाकडे वळू या. त्यांनी घरातच शाळा चालविली होती. सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच अशी तिची वेळ असे. मूल पाच वर्षांचे झाले की दुसऱ्या दिवशी त्याची अक्षरओळख सुरू होई आणि एका दिवसात ते सारी मुळाक्षरे शिके. मॉली व नॅन्सी यांना तेवढा दीड दिवस लागला, म्हणून त्या मंद आहेत असे आईला वाटले होते! अक्षरे आली की लगेच उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय हाती येई. मुलीला नीट वाचता आल्यावाचून शिवणकामाला बसवावयाचे नाही, असा त्यांचा नियम होता. त्या काळी मुलींच्या बाबतीत असा विचार करणारी घरे थोडीच होती. एका अपराधाबद्दल दोनदा शिक्षा करावयाची नाही आणि मुलाने चूक आपण होऊन कबूल केली तर मारावयाचे नाही, हेही त्यांचे नियम होते. त्यांची शिस्त कडक होती. मुलाची हट्टी इच्छा लहानपणीच मोडली पाहिजे असे त्या मानीत, आणि तान्ह्या वयातच छडीची भीती घालून मुलांना हळू रडावयास शिकवीत. आज आपण हे अनुकरणीय मानणार नाही, आणि मानण्याची गरजही नाही. पुण्यवान माणसाच्या सर्वच पद्धती पुण्यकारक असतात असे नाही.

मग इतके सर्व करण्याचे बळ कोठून येई? डोक्यावर एप्रन ओढून त्या स्वयंपाकघरातच प्रार्थनेला बसत आणि आईला आता हाक मारावयाची नाही हे मुलांना कळे, अशी गोष्ट परंपरेने सांगितली जाते. त्यांच्या रोजनिशीतून मिळणारी साक्ष याहून पक्की आहे. करमणुकीत जेवढा वेळ जाईल तेवढा तरी एकांतातील भक्तीला द्यावयाचा, असा नियम त्यांनी तरुणपणीच स्वतःला घालून घेतला होता. पुढे सकाळी व सायंकाळी नेमाने, आणि जमेल तेव्हा दुपारीही, त्या देवासमोर बसत. त्या वेळचे विचार त्या लिहून ठेवीत. या लिखाणात विजयाची भाषा फारशी नाही. घरच्या कटकटींनी मन विस्कटते, राग येतो, चिंता घेरते, लक्ष लागत नाही, हे सारे त्यांत येते. आणि विस्कटलेले मन पुन्हा एकदा देवाकडे वळविणेही येते. त्या मन शांत झाल्यावर देवाकडे जात नसत. अशांत मन घेऊनच जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जात.

भारतातील वाचकांनो, यापुढचा प्रसंग आपल्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेयस झीगेनबाल्ग व हाइनरिख प्लुत्शाऊ हे दोन तरुण मिशनरी डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील त्रांकेबार, म्हणजे आजचे तरंगंबाडी, येथे उतरले. भारतातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा हा आरंभ होय. त्यांच्या कार्याचा वृत्तान्त इंग्रजीत छापला गेला आणि त्याची एक प्रत एपवर्थच्या पाळकगृहात येऊन पडली. १७११-१२ च्या हिवाळ्यात सॅम्युएल धर्मसभेच्या कामासाठी लंडनला होते. थोरली मुलगी एमिली हिला वडिलांच्या अभ्यासिकेत ते पुस्तक सापडले आणि तिने ते आईला वाचून दाखविले. सुझॅनाबाईंचे अंतःकरण हेलावून गेले. कित्येक दिवस त्यांना दुसरे काही सुचेना. आपण पुरुष नाही, दीक्षित सेवकही नाही, तरीही आज करतो त्याहून काही अधिक आपल्या हातून होऊ शकेल, असे त्यांना वाटले, आणि आरंभ आपल्याच मुलांपासून करावयाचा असे त्यांनी ठरविले.

दर सायंकाळी एका मुलाशी एकांतात बसून बोलावयाचे, असा त्यांनी क्रम लावला. सोमवार मॉलीचा, मंगळवार हेटीचा, बुधवार नॅन्सीचा, गुरुवार जॉनचा, शुक्रवार पॅटीचा, शनिवार चार्ल्सचा, आणि रविवार एमिली व सुकी या दोघींचा. वीस वर्षांनंतर ऑक्सफर्डमध्ये अध्यापक असलेल्या जॉनने आईला पत्र लिहून त्या गुरुवारच्या घटकेची पुन्हा याचना केली. तरंगंबाडीच्या वाळूत पेरलेल्या बीजाचा एक दाणा असा एपवर्थच्या स्वयंपाकघरात उगवला. उत्तेजन नेहमी पश्चिमेकडूनच पूर्वेकडे आले असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

त्याच हिवाळ्यात आणखी एक घटना घडली. पतीच्या जागी आलेल्या साहाय्यक पाळकांच्या उपदेशातून लोकांना पोषण मिळत नव्हते. रविवारी सायंकाळी सुझॅनाबाई मुलांना व नोकरांना जमवून प्रार्थना म्हणत आणि एखादा छापील उपदेश वाचून दाखवीत. शेजारी येऊ लागले, त्यांनी इतरांना सांगितले, आणि पाहता पाहता श्रोत्यांची संख्या दोनशेवर गेली. जागेअभावी काहींना परत जावे लागे. साहाय्यकांनी तक्रार केली आणि सॅम्युएल यांनी पत्नीला हे थांबविण्याविषयी लिहिले. सुझॅनाबाईंनी उत्तरात लोकांना झालेला लाभ शांतपणे मांडला. नुसती इच्छा कळवू नये, स्पष्ट आज्ञा करावी, म्हणजे ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे या आत्म्यांविषयी आपल्याला जाब द्यावा लागणार नाही, असे त्यांनी नम्रपणे पण ठामपणे कळविले. यानंतर पतीने विरोध केला नाही.

इथेच चरित्र संपविले असते तर ते आदर्श ठरले असते. परंतु सत्य पुढेही आहे. एवढ्या कष्टाने वाढविलेल्या मुलींचे संसार फारसे सुखाचे झाले नाहीत. हेटी ही सर्वांत बुद्धिमान मुलगी. लहानपणीच ग्रीक शिकलेली आणि उत्तम कविता करणारी. १७२५ साली ती एका पुरुषाबरोबर निघून गेली. त्याने तिला फसविले. पुढे घाईघाईने तिचे लग्न एका नळकाम करणाऱ्या माणसाशी लावण्यात आले, आणि तिचे आयुष्य दुःखातच गेले. वडिलांचे मन तिच्याविषयी कठोरच राहिले. सुकीचा नवरा क्रूर निघाला. मॉली लग्नानंतर वर्षभरातच, १७३४ साली, बाळंतपणात वारली. वेस्टली हॉल नावाच्या तरुण पाळकाने आधी केझीला वचन दिले आणि मग पॅटीशी लग्न केले. पुढे तो पत्नीशीही एकनिष्ठ राहिला नाही. आईच्या प्रार्थनांनी घराभोवती अशी भिंत उभारली नाही की जिच्या आत दुःख येऊ नये. प्रिय मातांनो, तुमच्या मुलांच्या आयुष्यातील प्रत्येक आघात हा तुमच्या प्रार्थनेतील उणिवेचा हिशेब आहे, असे कोणी सांगितले तर सुझॅनाबाईंच्या मुलींची आठवण करा.

एप्रिल १७३५ मध्ये सॅम्युएल निवर्तले. सुझॅनाबाई बेघर व परावलंबी झाल्या, आणि कधी मुलीकडे तर कधी मुलाकडे राहू लागल्या. त्याच वर्षी जॉन व चार्ल्स यांना अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत सेवेसाठी जाण्याचे पाचारण झाले. वृद्ध विधवा आईला सोडून कसे जावे, या विचारात जॉन पडला होता. आपल्याला वीस मुलगे असते आणि ते सर्व अशा कार्याला गेले असते तरी आनंदच झाला असता, मग ते पुन्हा दृष्टीस पडोत वा न पडोत, अशा अर्थाने आईने त्याला निरोप दिला.

१७३९ च्या ऑगस्टच्या सुमारास, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्या प्रभुभोजन घेत होत्या. प्याला देणारा हात त्याच जावयाचा, वेस्टली हॉल याचा होता. येशू ख्रिस्ताचे रक्त तुझ्यासाठी दिले गेले, या अर्थाचे नेहमीचेच शब्द उच्चारले गेले, आणि ते थेट त्यांच्या हृदयात शिरले. देवाने ख्रिस्ताकरिता आपल्या सर्व पापांची क्षमा केली आहे, आपल्याही पापांची, ही खात्री त्यांना त्या क्षणी झाली, असे त्यांनी जॉनला सांगितले. पन्नासहून अधिक वर्षे नेमाने प्रार्थना करणाऱ्या, दहा मुलांना शास्त्र शिकविणाऱ्या, दोनशे लोकांना उपदेश वाचून दाखविणाऱ्या या स्त्रीला तो विसावा सत्तराव्या वर्षी मिळाला; आणि तोही ज्याने पुढे तिच्या मुलीला सोडून दिले त्या माणसाच्या हातून. देवाची कृपा देणाऱ्याच्या योग्यतेवर अवलंबून नसते, आणि घेणाऱ्याच्या श्रमांवरही नसते.

अखेरची वर्षे त्या लंडनमध्ये, जॉनने एका जुन्या तोफखान्याच्या इमारतीत स्थापन केलेल्या फाउंडरी या प्रार्थनास्थळी राहिल्या. टॉमस मॅक्सफील्ड या दीक्षा न झालेल्या तरुणाने तेथे उपदेश करण्यास आरंभ केला तेव्हा त्याला थांबविण्यासाठी जॉन धावत आला. आईने त्याला सावध केले. या तरुणालाही देवाचे पाचारण आहे. आधी त्याच्या कार्याचे फळ पाहा आणि स्वतः ऐक, असा तिचा सल्ला होता. जॉनने ऐकले आणि आपला विचार बदलला. मेथडिस्ट चळवळीतील सामान्य उपदेशकांच्या परंपरेला त्यामुळे वाट मिळाली. एपवर्थच्या स्वयंपाकघरात स्वतः जे केले होते, तेच आता दुसऱ्याने करावे म्हणून ही वृद्धा उभी राहिली होती.

१७४२ च्या जुलै महिन्यात सुझॅनाबाईंनी देह ठेवला. आपली सुटका होताच मुलांनी देवाच्या स्तुतीचे स्तोत्र गावे, अशी त्यांची शेवटची इच्छा होती. मुलांनी अंथरुणाभोवती उभे राहून ती पूर्ण केली. बनहिल फील्ड्स येथील स्मशानभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. एपवर्थचे आगीनंतर बांधलेले पाळकगृह आजही उभे आहे आणि यात्रेकरू तेथे जाऊन ते पाहतात.

थकलेल्या भगिनींनो, या चरित्राची मोजपट्टी करून तिच्याने स्वतःला मोजू नका. तुम्हाला एकोणीस लेकरे नाहीत, आणि दिवसाला दोन तास एकांतही मिळत नसेल. सुझॅनाबाई जर सामर्थ्याची मूर्ती असत्या, तर त्यांना रोज सकाळ-सायंकाळ देवाचे दार ठोठवावे लागले नसते. आज रात्री बायबल उघडताच डोळे मिटले, तर त्या मिटल्या डोळ्यांनीच प्रभूचे नाव घ्या आणि निजा. येत्या रविवारी प्रभुभोजनाचा प्याला तुमच्या हाती येईल तेव्हा तो आपल्या मुलांसाठी, पतीसाठी, मंडळीसाठी आहे एवढाच विचार करून पुढच्या हाती देऊ नका. तो तुमच्यासाठीही आहे.